कुत्र्याने धरलेली कोंबडी वाचते का?

वाचते. सगळ्या वाचत नाहीत, पण वाचते.

तुम्ही लिहिलंय की भुसावळजवळ तुमच्या घरी रात्री कुत्रा परसात शिरला, पाचातल्या दोन कोंबड्या जागीच गेल्या, एकीची पाठ फाटली, दोन नुसत्या कोपऱ्यात डोळे मिटून बसल्यात, दाण्याला तोंड लावत नाहीत. आणि घरातले म्हणतात, आता ठेवून काय करायचं, कापून टाका. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आमचं गाव साक्री तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी पौषात, पहाटे सासूबाई परसात गेल्या तर खुराड्याचं दार उघडं आणि पऱ्हाट्यांच्या कुडाला हे एवढं भगदाड. अंगणभर पिसं. सहा कोंबड्यांतल्या तीन मेलेल्या, एकही खाल्लेली नाही. रानमांजर असतं तर एखादी उचलून नेली असती. कुत्रं असंच करतं, हलतंय तोवर धरतं, झटकतं, टाकतं आणि दुसरीमागे पळतं. तांबडी आणि भुरी ओट्याखाली सापडल्या. काबरी सापडेना. ती सरपणाच्या मागे भिंतीला डोकं लावून उभी होती, मान आत ओढलेली, पाठीवरची पिसं गेलेली आणि तळहाताएवढी कातडी लोंबत होती. मी उचलली तरी तिने पंख हलवला नाही.

तोवर आमचे मोठे दीर, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते आले. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "कापी टाक, भाजी व्हई जाई. कुत्रानी चावेल कोंबडी जगस का?" सुरीही मागवली. सासूबाईंनी काबरीच्या पोटाखाली हात घातला आणि एवढंच बोलल्या, "तिनामा अजून जीव शे."

माझं माहेर नवापूरकडचं. कोंडाईबारीचा घाट उतरला की आमचा भाग लागतो. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला तेव्हा पोल्ट्रीतल्या पक्ष्यांबरोबर घरोघरच्या गावठी कोंबड्याही मारून पुरल्या. ते करावंच लागणार होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या आईने तिच्या नऊ कोंबड्या एकेक करून आपल्या हाताने पथकाच्या माणसाकडे दिल्या आणि नंतर कितीतरी दिवस ती संध्याकाळी दाणे घेऊन दारात यायची आणि परत आत जायची. म्हणून जी कोंबडी जगू शकते तिच्यावर कोणी घाईने सुरी काढली की मला सहन होत नाही. आबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा उलट बोलले.

आता कामाचं. डोळे मिटून बसलेली कोंबडी मरायला टेकलेलीच असते असं नाही. ती धसक्यात असते. तिला आधी अंधार आणि शांतता लागते, औषध नंतर. बिस्किटाचा मोठा खोका घ्या, बाजूला भोकं पाडा, खाली जुनं सुती लुगडं अंथरा आणि घरात आतल्या बाजूला ठेवा. पोरांना सारखं उघडून बघू देऊ नका. दर कोंबडीला वेगळा खोका. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, जिवाभावाच्या असल्या तरी.

पाणी घशात ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या बुडाशीच श्वासाचं भोक असतं, ओतलेलं पाणी सरळ छातीत जातं. वाटीत ओआरएसचं पाणी घेऊन चोचीचं टोक बुडवा, घ्यायचं तर ती घेते. काबरीने दुपारपर्यंत काही घेतलं नाही. चारच्या सुमारास तिने चोच वर करून एक घोट गिळला, तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले.

जखम हळदीने भरू नका. हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्याकडे पहिला हात हळदीच्या डब्यालाच जातो. वरवर खरचटलं तर ठीक, पण कुत्र्याचा सुळा आत जातो तेव्हा बाहेर मुगाएवढं भोक दिसतं आणि आत बोटभर खोल घाण असते. वरून हळद थापली की ती आत कोंडते. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा दीड चमचा. सुई काढलेल्या सिरिंजने त्या पाण्याची धार मारून जखम धुवा, पुन्हा धुवा. मग बीटाडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं करून लावा. कुठे कातडीखाली हवा भरून फुगलं असेल आणि दाबल्यावर कुरकुर लागत असेल तर आतली हवेची पिशवी फाटली आहे. तिथे टोचाटोची न करता डॉक्टरकडे न्या.

मी नेलीच. काबरीला खोक्यात घालून एसटीने साक्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात. "शंभराच्या कोंबडीवर दोनशेचा खर्च," असं आबा म्हणाले, आणि ते अजूनही लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात. डॉक्टरांनी लोंबती कातडी साफ करून टाके घातले, इंजेक्शन दिलं, पाच दिवसांचं औषध दिलं आणि औषध चालू असताना व त्यानंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत असं बजावलं. माणसाच्या डब्यातल्या गोळ्या अंदाजाने देऊ नका.

आबांचं दुसरं म्हणणं होतं की कुत्रं पिसाळलेलं असेल तर कोंबडीही पिसाळेल. मी डॉक्टरांना तेही विचारलं. रेबीज हा सस्तन जनावरांचा रोग, कोंबडीकडून त्याची भीती धरू नका. आणि ती भीती खरी मानायची तर तीच कोंबडी सोलून भाजी करायला कशी चालते, हे आबांनी मला आजवर सांगितलेलं नाही. धोका आहे तो तुम्हाला. सोडवताना कुत्र्याने तुम्हाला ओरबाडलं किंवा चावलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. कोंबडीला हात लावतानाही हातमोजे घाला, पिसांवर कुत्र्याची लाळ असते.

काबरी चौथ्या दिवशी उभी राहिली. भिजवलेली दादर ज्वारी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा तिने माझ्या हातातून खाल्ला. भुरीला नुसता धसका होता, ती तिसऱ्या दिवशी बाहेर. अंडी मात्र दोघींनी बंद केली. काबरीचं पहिलं अंडं सात आठवड्यांनी आलं, पातळ कवचाचं, दुसरंही तसंच, मग नीट. उपटली गेलेली पिसं त्याच सुमारास फुटली, पण जी मधूनच मोडली होती ती पुढची पिसं झडेपर्यंत तशीच राहिली. चैत्रात ती खुडूक बसली. एकविसाव्या दिवशी अकरा अंड्यांतून आठ पिल्लं निघाली. त्यातल्या दोन कोंबड्या आज आबांच्या दारात चरतात. त्यांनी मागितल्या नव्हत्या. मीच नेऊन सोडल्या.

हे थंडीतलं आहे. मी रात्री खोक्याशेजारी बल्ब लावला होता, धुळ्याकडच्या थंडीत तो लागतो. तुम्ही मे महिन्यात भुसावळला आहात, पारा पंचेचाळिसाला टेकतो तिथे बल्ब लावला तर कोंबडी उकाड्यानेच जाईल. तिला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते. खोका फरशीवर गारव्यात ठेवा, वर ओलं किलतान, म्हणजे गोणपाट, टाका. आणि माशांना जपा. या दिवसांत एका दिवसात जखमेत अळ्या पडतात. पडल्याच तर चिमट्याने वेचा, मिठाच्या पाण्याने धुवा. गुरांच्या जखमेत घालतात ती डांबरगोळी किंवा टर्पेंटाइन कोंबडीला चालत नाही.

कोथळा बाहेर आला असेल, किंवा दोन्ही पाय लुळे पडून कणाच मोडलेला असेल, तर मीही सुरीच्या आड येणार नाही. तिला तसं झुरवणं पाप आहे. आणि अंगावर एकही जखम नसताना कोंबड्या मरून पडत असतील तर कुत्र्याला दोष देऊ नका, दवाखान्यात कळवा. आमच्या भागात 2021 लाही बर्ड फ्लू येऊन गेला आहे.

कुत्र्यासाठी विषाचे गोळे टाकू नका. ते कुत्रं परत येणार, चटक लागलेली असते, पण त्याला उपाय तारेचा आहे. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं दाताने फाडतं, जाड तारेची वेल्डमेश जाळी घ्या. ती बाहेरच्या बाजूला हातभर जमिनीत पुरा म्हणजे उकरून शिरता येत नाही. डालगं पालथं घालून वर दगड ठेवणं पुरेसं नाही.

तांबडीचं राहिलं. तिच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, खात होती, चालत होती, म्हणून मी तिला सोडून दिली आणि सगळी काबरीच्या मागे लागले. सहाव्या दिवशी सकाळी ती खुराड्यात मरून पडलेली होती. डाव्या पंखाखाली, काखेत, एक भोक होतं, पिसं चिकटून वर खपली धरलेली, आत सगळं सडलेलं. दवाखान्यात मी एकीला नेलं, दोघींना नेता आलं असतं. त्या दिवशीही आबा म्हणाले, बघ. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या त्या दोन, ज्यांना काही झालेलं दिसत नाही, त्यांना आज अंधार पडायच्या आत हातात घ्या. दोन्ही पंख पूर्ण उचला, पिसांवर फुंकर मारत कातडी बघा, मानेपासून बुडापर्यंत, पायांच्या मधेही. आधी त्यांना, मग पाठ फाटलेलीला.