एम.ए. इतिहासाला अर्ज करायचाय? आधी पानिपत वाच

वीस पुस्तकांची यादी करत बसू नकोस. एकच प्रसंग धर, समजा पानिपत, १४ जानेवारी १७६१. आधी शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ वाच. मग राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८चा पहिला खंड काढ, त्याच काळातली पत्रं त्यात आहेत. सुरुवातीची बरीचशी डोक्यावरून जातील, जाऊ देत. ‘छ’ लिहून पुढे मुसलमानी महिना दिसला की ती तारीख समजायची. हळूहळू नजर बसते. सोबत भाऊसाहेबांची बखर ठेव. बखरीत प्रसंग रंगतो. पत्रांत हेच भाऊसाहेब, म्हणजे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, पेशव्यांचे उत्तरेतले मामलतदार गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैसा आणि रसद मागत असतात. हा फरक कशामुळे पडला, ते वहीत आपल्या शब्दांत लिही. मुलाखतीत विचारलं तर बोलायला तेवढं पुरे.

कादंबऱ्या खुशाल वाच, पण पुरावा म्हणून त्यांचं नाव घेऊ नकोस. (घेणारे बरेच भेटतात!) ई. एच. कार यांचं ‘व्हॉट इज हिस्टरी?’ सगळेच सुचवतात. वाच, पण पत्रं वाचून झाल्यावर. मराठेशाहीबाहेरचंही एखादं पुस्तक घे, शेतसाऱ्यावरचं किंवा गिरणी कामगारांवरचं. आणि मोडी लिपी आत्तापासूनच गिरवायला लाग.