हॉटेलच्या खरकट्यावर डुकरं वाढतात का?

तुम्ही विचारलंय की हिंजवडीतल्या दोन मेसचं खरकटं फुकट मिळतंय, घरी म्हशींची सरकी पेंड आहे, तर तेवढ्यावर २० डुकरं होतील का. दादा, पोट भरेल पण वजन नाही भरणार. मी शिरूरकडे सहा वर्षं डुकरं पाळतोय, सुरुवात मीपण खरकट्यावरच केलेली, वर्षभराची झाली तरी ५०-५५ किलोच्या पुढं सरकेनात, पोटं सुटलेली आणि पाठीचे मणके मोजून घ्या असे.

म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जंतू कडब्यापासून, युरियापासूनसुद्धा प्रोटीन तयार करतात. डुकराचं पोट आपल्यासारखं एकच, त्यामुळे प्रोटीन खाण्यातूनच जायला पाहिजे आणि त्यात लायसिन हा प्रोटीनमधला घटक पाहिजे, जो भात-चपाती-मक्यात फार कमी असतो, सोयाबीन पेंडीत भरपूर. त्यात खरकटं म्हणजे ७०-८० टक्के पाणीच, १० किलोची बादली ओतली तरी सुकं जेमतेम २-३ किलो. आणि सरकी पेंड देऊच नका, तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हैस ते पचवते पण डुकराच्या हृदयावर जातं.

मी आता १०० किलोला मका भरडा ६०, सोया पेंड २०, गव्हाचा कोंडा १७, मिनरल मिक्श्चर अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो घेतो, साधारण १७ टक्के प्रोटीन बसतं. २० किलोच्या आतल्या पिल्लांना सोया वाढवायची. मिनरलमध्ये काटकसर नको, धान्यातला फॉस्फरस बराचसा डुकराला पचतच नाही. खरकटं वरून थोडं द्या पण तासभर ढवळत उकळून, आणि डुकराच्या मांसाचं काही असेल तर अजिबात नाही, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग आला, तो असल्या मांसातूनही पसरतो आणि त्याला इलाज नाही.

पिल्लं झाली की तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन डॉक्टरांकडून घ्याच. पिल्लाला रोज ७ मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून १ मिळतं, आणि सिमेंटच्या फरशीवर उकरायला माती कुठून येणार. माझ्या पहिल्या वेताची पिल्लं उजेडात धरली तर कान कागदासारखे पांढरे दिसायचे, नऊतली चार गेली, अजून डोळ्यासमोर आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. मे महिन्यात टँकर दीड दिवस आला नाही आणि त्याच दिवशी लग्नाच्या कार्यालयातून लोणचं, पापड, फरसाण असलं खारट खरकटं आलेलं, मी घातलं. दुसऱ्या दिवशी एक डुक्कर भिंतीला नाक टेकवून उभं, हाक मारली तरी कान हलेना, मग कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसलं, जबडा चावत मागं मागं सरकलं आणि झटके सुरू. मिठाची विषबाधा. मी घाबरून पाइप सोडला, सगळी पोटभर प्यायली आणि आणखी दोन आडवी झाली, कारण तहानलेल्या डुकरानं एकदम पाणी प्यायलं की मेंदूला सूज येते. डॉक्टर म्हणाले थोडं थोडं द्यायचं होतं. पिल्लं पाजणारी मादी दिवसाला २०-२५ लिटर पिते, तुम्ही टँकरवर असाल तर शेडच्या आधी टाकी बांधा.