शेवट माहीत असलेली विज्ञान कादंबरी पुन्हा वाचून खरंच बरं वाटतं का?

वाटतं. तुम्ही विचारलंय की गोष्ट पाठ झाल्यावर पुस्तकात उरतं काय. माझ्या बाबतीत सांगायचं तर, पहिल्या वाचनात कंटाळून उलटलेली पानं उरतात, आणि मन थाऱ्यावर येतं ते त्यांच्यामुळेच.

माझं पुस्तक ज्यूल व्हर्नचं, 'ट्वेन्टी थाउजंड लीग्ज अंडर द सी'. कॅप्टन नेमो आणि त्याची नॉटिलस पाणबुडी, १८६९-७० सालची कादंबरी. (वीस हजार लीग ही खोली नव्हे, पाण्याखालून कापलेलं अंतर आहे, सुमारे ऐंशी हजार किलोमीटर. तेवढं खोल जायचं तर पृथ्वीच्या आरपार जाऊनही उरेल.)

आम्ही हर्णैकडचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या, बंदरावरचा लिलाव थांबलेला, पाऊस कोसळतोय आणि लाइटचा भरवसा नाही. अशा दिवसांत मला उत्कंठा नकोच असते. मला नॉटिलसवरचा तो अधिकारी हवा असतो, जो रोज सकाळी वर येऊन दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळतो आणि कुणालाही न कळणाऱ्या भाषेत तेच एक वाक्य बोलून खाली जातो. ते वाक्य येणार हे ठाऊक असतं. आणि ते येतं.

दुसरं सुख माशांच्या याद्यांचं. शाळेत असताना त्या मी सरळ सोडून द्यायचो. आता मुद्दाम तिथंच रेंगाळतो. गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापक ॲरोनॅक्स यांचा नोकर कॉन्साय याला माशांची कुळं-गणं तोंडपाठ, पण समोरचा मासा ओळखता येत नाही. हार्पूनवाला (देवमाशांवर भाला फेकणारा) नेड लँड मासा बघताक्षणी ओळखतो, आणि त्याच्या लेखी माशांचे प्रकार दोनच: खायचे आणि न खायचे. आमच्या घरी सगळे नेड लँडच्या पंथाचे.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर वीज यायला फार दिवस लागले, तेव्हाही हेच पुस्तक काढलं. नेमो समुद्राच्या पाण्यातून सोडियम काढून त्यावर विजेच्या बॅटऱ्या चालवतो. समुद्राच्या पोटात लखलखाट आणि आम्ही मेणबत्ती जपून वापरतोय! राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

शेवट माहीत असण्याचा फायदाही असतो. श्रीलंकेजवळ नेमो एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. पहिल्यांदा वाचताना हा नुसता मोठेपणा वाटतो. पण व्हर्नच्याच 'द मिस्टिरियस आयलंड'मध्ये कळतं की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. मग तेच पान वेगळं वाचलं जातं.

दक्षिण ध्रुवाचा भाग आणि देवमाशांची कत्तल मी आता वाचत नाही, तिथं व्हर्न मला नकोसा होतो. शेवटचा भोवराही बहुतेक वेळा राहूनच जातो.

तुम्ही हेच पुस्तक घेणार असाल तर प्रत बघून घ्या. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत माशांच्या याद्या उडालेल्या असतात, आणि मर्सियर यांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातही बराच मजकूर गाळलेला आहे. नवं, संपूर्ण भाषांतर घ्या आणि हिंदी महासागराच्या प्रकरणापासून उघडा.