व्यवसायात कोणकोणत्या प्रकारच्या माहिती प्रणाली असतात? ईआरपी आणि एमआयएस एकच का?

एकच नाहीत. एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनाला माहिती पुरवणारी प्रणाली, हा प्रकार माहिती कोणाला आणि कशासाठी लागते यावरून ठरतो, तर ईआरपी हे खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब अशा सर्व विभागांची नोंद एकाच डेटाबेसमध्ये ठेवणारे सॉफ्टवेअर असते. त्यामुळे एका ईआरपीच्या पोटात पाठ्यपुस्तकात सांगितलेले माहिती प्रणालींचे तीन-चार प्रकार सहज नांदतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या हिशेब विभागात मी काम केले आहे, म्हणून उदाहरण तिथलेच देतो.

पाया असतो तो व्यवहार नोंदवणाऱ्या प्रणालीचा, म्हणजे टीपीएसचा. पोलादाचा ट्रक आला की गेटवर नोंद होते, वजनकाट्यावर वजन होते, स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तयार होतो, गुणवत्ता विभाग माल तपासतो आणि त्यानंतरच पुरवठादाराचे बिल मंजूर होते. माल बाहेर जाताना त्याचे मूल्य 50,000 रुपयांपेक्षा अधिक असेल तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते, आणि वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेलेल्या बहुतेक उद्योगांना अन्य व्यावसायिकांना केलेल्या विक्रीसाठी 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) करावे लागते. या थराकडे आता कायद्याचेही बारीक लक्ष आहे. नोंदीत कोणता बदल केव्हा झाला याचा माग राखणारे हिशेबाचे सॉफ्टवेअरच वापरण्याचे बंधन कंपन्यांवर 1 एप्रिल 2023 पासून आहे.

याच नोंदींचा ठरावीक मुदतीने काढलेला गोषवारा म्हणजे एमआयएस: कोणत्या ग्राहकाकडे किती येणे थकले, कोणता माल सहा महिने पडून आहे, कोणत्या यंत्रावर भंगार अधिक निघाले. (कार्यालयांत दरमहा साहेबांना जाणाऱ्या एक्सेल शीटलाच ‘एमआयएस’ म्हणतात, ते त्यामुळेच.)

डीएसएस, म्हणजे निर्णयाला साहाय्य करणारी प्रणाली, याहून निराळी असते, कारण तिला विचारायचा प्रश्न आधी ठरलेला नसतो. पोलाद किलोमागे पाच रुपयांनी महागले तर एखादा भाग स्वतः बनवावा की बाहेरून करून घ्यावा, असे पर्याय तिथे आकडे बदलून पाहिले जातात. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी 1971 मध्ये मांडलेली विभागणीही हेच धरून आहे: काही निर्णय नियमांत बसतात, काही अर्धवट बसतात, तर काही मुळीच बसत नाहीत.

वरिष्ठांसाठीची ईआयएस पुस्तकात स्वतंत्र प्रकार म्हणून येते. मध्यम कारखान्यांत मात्र ती बहुधा आलेखांत मांडलेली एमआयएसच असते, असे माझे मत आहे. सीआरएम (ग्राहकांशी संबंध सांभाळणाऱ्या) आणि पुरवठा साखळीच्या प्रणाली या कामाच्या क्षेत्रावरून पडलेल्या वर्गवारीतल्या आहेत, म्हणून त्या या उतरंडीत शोधू नयेत.

तुमचा उद्योग लहान असेल तर हिशेब आणि साठा दोन्ही टॅलीत ठेवून विश्लेषण एक्सेलमध्ये करणे पुरेसे ठरते. स्टोअरची नोंद आणि हिशेबातला साठा दर महिन्याला जुळेनासा झाला, की ईआरपीचा विचार सुरू करावा.