लाल दगडाच्या मुलखात पहिल्यांदा तंबू टाकताना

प्रश्न : ताई, आमचं गाव दारव्ह्याजवळ. आमचे हे दोन वर्षांसाठी अमेरिकेत डेन्वरला कामाला आहेत, मी सप्टेंबरमध्ये जाणार. ऑक्टोबरच्या सुरुवातीला यूटातल्या मोआबला लाल दगडाच्या कमानी बघायला जायचं ठरलंय, तीन रात्री तंबूत. दोघांनीही कधी कॅम्पिंग केलेलं नाही. सासूबाई म्हणतात तंबूत काहून राहता, लॉज भेटत नाही का. हे म्हणतात आपण विदर्भातले, आपल्याला उन्हाचं काय, पाण्याच्या दोन बाटल्या बस झाल्या. खरंच बस होतील का?

उत्तर : नाही ग, बस नाही होत. हे मी छातीठोक सांगते कारण आम्ही दोघं जूनमध्ये गेलो होतो आणि आमच्या घरचेही हेच बोलले होते, मे महिन्यात ४५ डिग्रीत वावरात उभं राहणारी माणसं आपण, हे काय ऊन. पण आपल्या वावरात बांधावर कडूनिंब असतो, विहीर असते, बारा वाजले की माणूस सावलीला येऊन भाकर खातो आणि चार वाजेपर्यंत हलत नाही. तिथं डेलिकेट आर्च नावाच्या कमानीच्या वाटेवर सावलीच नाही. जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटर, दीडशेक मीटर चढ, त्यातला बराच उघड्या खडकावरून, आणि आम्ही निघालो अकरा वाजता, दोघांत एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आपल्याला वाटते आपण बरे आहो. अर्ध्यावर माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. मी म्हटलं परत जाऊ, हे म्हणाले आता आलंच, अन् मी गप बसून अजून वर गेले, तीच चूक. शेवटी एका अनोळखी जोडप्यानं पाणी आणि खारे बिस्किट दिले, दगडाच्या कपारीत बसवलं, मग उतरलो. कमान त्या दिवशी पाहिलीच नाही.

म्हणून माणशी दिवसाला चार लिटर पाणी धर, त्या एका वाटेसाठीच माणशी दोन लिटर. नुसतं पाणीच पाणी नको, सोबत मिठाचं खा, चिवडा, खारे शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर. वावरात जायचं असल्यासारखं पहाटे निघा, नाहीतर ऊन कलल्यावर, पण मग उतरायला अंधार होतो, दोघांकडे डोक्याला बांधायची बॅटरी पाहिजे. दुपट्टा ने, टोपीपेक्षा मला तोच कामी आला. वाटेवर दगडाचे छोटे ढिगारे रचलेले असतात, ती वाटेची खूण, त्यांना हात लावायचा नाही. कोरड्या खडकावर बूट छान धरतो पण त्यावर वाळू सांडलेली असली की पाय सटकतो, आणि जिथं सहज चढलो तिथून उतरणं जड जातं.

महिना तुम्ही चांगला निवडला. दिवसा साधारण १५ ते २७ डिग्री, पण रात्री दहाच्या खाली, कधी पार शून्याजवळ. आपण उन्हाची तयारी करतो आणि थंडीला फसतो, लोकरीची टोपी, मोजे आणि चांगली स्लीपिंग बॅग घ्याच, खाली मॅट पण, कारण थंडी जमिनीतून येते. या कमानी जिथं आहेत त्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात डेव्हिल्स गार्डन हा एकच कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू टाकायची जागा, आहे, ५१ जागा, मार्च ते ऑक्टोबर बुकिंग लागतं आणि ते सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे तुझ्या यांना आजच बघायला सांग, नाही भेटलं तर मोआबच्या आसपास कॅम्पग्राउंड आहेत. डेव्हिल्स गार्डनला पाणी, संडास आहे, आंघोळीची सोय नाही. तंबू एकदा डेन्वरलाच अंगणात लावून पाहा. स्टोव्हवर खिचडी होते, ठेसा घरूनच नेशील.

नाल्याचं तुला सांगायला नको, आपल्याकडे इथं थेंब नसतो आणि वरतून पाणी येऊन बैल वाहून जातात. तिथल्या अरुंद घळींतही तसंच, आभाळ दूर कुठं भरलेलं दिसलं तरी आत उतरू नका. आणि वाळूवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसेल, ती जिवंत माती आहे, बारीक जीवाणू, शेवाळ मिळून वाळू धरून ठेवतात. आपण शेतकऱ्याच्या लेकी, माती धुपली की काय होते ते आपल्याला माहीत आहे. एक पाय पडला तर ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून फोटोसाठीसुद्धा वाट सोडू नको.

आपला दगड काळा, लाव्ह्याचा. तिथला वाळूचा, लोखंडाच्या गंजानं लाल झालेला. लँडस्केप आर्च ९३ मीटर लांब आहे आणि मधे इतकी बारीक की १९९१ मध्ये तिचा मोठा तुकडा पडला, वॉल आर्च तर २००८ मध्ये पूर्णच कोसळली. अशा कमानीसमोर उभं राहिलं की बोलावंसं वाटत नाही.

सासूबाईंना सांग, रात्री तंबूबाहेर आल्यावर जे आभाळ दिसते ते लॉजच्या खिडकीतून नाही दिसत. आणि घरूनच दोघांनी ठरवून जा, जो आधी परत म्हणेल त्याचं ऐकायचं, का म्हणून विचारायचं नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो, आठ लिटर पाणी घेऊन पहाटे पाचला निघालो, आणि कमानीखाली बसून डब्यातली भाकर खाल्ली.