'एस्केप' करताना पळतंय कोण?

प्रश्न असा: वेबपानावरच्या घटकाचा आयडी, म्हणजे ओळखनाव, 'भाग:२' असेल तर सीएसएस सिलेक्टरमध्ये (सजावटीचा नियम कोणत्या घटकाला लावायचा ते सांगणाऱ्या मजकुरात) कोलन 'एस्केप' करावा लागतो, म्हणजे त्याचा खास अर्थ बंद करावा लागतो; त्याला मराठीत 'पलायन' म्हणावं का?

अजिबात नाही. 'पलायनचिन्ह' वाचलं की माझं डोकं फिरतं. कोलन तर जागचा हलतही नाही! कोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवायचा, याला परिभाषा म्हणत नाहीत.

मूळ बघा. बोली लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काप्पा' म्हणजे झगा. पाठलाग करणाऱ्याने झगा धरला, तर तो त्याच्या हातात सोडून निसटायचं, ते 'एक्सकाप्पारे'. इटालियन 'स्काप्पारे' त्याचंच लेकरू. (चॅपलही याच कुळातलं: संत मार्टिनचा झगा जपून ठेवला ती जागा.) आता कोलनकडे या. सिलेक्टरमध्ये त्याच्या अंगावर अधिकाराची झूल असते. तो दिसला की ब्राउझर पुढे 'हॉवर'सारखं (म्हणजे 'माउस वर आला की') काहीतरी शोधतो, '२' बघून गडबडतो आणि अख्खा नियमच टाकून देतो. कोलनाआधी बॅकस्लॅश (\) लावला की झूल उतरते, उरतात नुसती दोन टिंबं. म्हणून माझा शब्द: झूल उतरवणे.

यावर जाणकार मंडळी बॉब बेमर या संगणकतज्ज्ञाचं नाव पुढे करतील. संगणकातल्या 'एस्केप'चं श्रेय त्यांना देतात, १९६०च्या सुमाराचं, आणि त्यांना एका संकेतावलीतून (अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या यादीतून) दुसरीत जाणं अभिप्रेत होतं. असेल. पण बेमर यांनी शब्द निवडला, घडवला नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत बॅकस्लॅशपुढे 'एन' आला की नवी ओळ होते, म्हणजे साध्या अक्षरावर झूल चढतेच की, हाही आक्षेप ऐकून झालाय. जो हात उतरवतो तोच चढवतो, त्यात काय एवढं?

हां, सिलेक्टर राहिलाच. '#भाग\:२' एवढंच लिहायचं. तेच जावास्क्रिप्टच्या अवतरणचिन्हांत असेल तर बॅकस्लॅश दोन, कारण एक ती भाषाच गिळते. आयडीची सुरुवात इंग्रजी तीनच्या आकड्याने होत असेल, तर त्या जागी बॅकस्लॅश, मग इंग्रजी आकड्यांत तेहेतीस आणि एक मोकळी जागा. तेहेतीस हा त्या आकड्याचा षोडशमान (सोळाच्या पायावर मोजलेला) संकेत. देवनागरी '३' ने सुरू होणारा आयडी मात्र जसाच्या तसा चालतो. आपला आकडा अॅस्की या मूळ इंग्रजी संकेतावलीबाहेरचा, त्याला कुणी झूल घातलीच नव्हती.