बँडमास्तरांना ‘तुम्ही’ म्हणताना

“पन्नाशी उलटल्यावर ट्रम्पेट शिकावासा वाटतो आहे, परंतु मोठ्या माणसाला शिकवणारा कोणी भेटत नाही, मग हा नाद सोडून द्यावा का?” या धर्तीचा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. कधी वाद्य ट्रॉम्बोन असते, कधी कॉर्नेट असते, पण काळजी तीच असते. पेटी किंवा तबला शिकू पाहणाऱ्या प्रौढांकडून ही तक्रार मी फारशी ऐकत नाही, कारण त्यांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि तेथे साठीचे विद्यार्थीही मांडी घालून बसलेले दिसतात. ट्रम्पेटसारख्या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचे तसे नाही. म्हणून या प्रश्नाला थेट उत्तर देण्याऐवजी एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने येथे लिहीत आहे.

हे गृहस्थ पुण्याचे, वय ५४, सरकारी खात्यात अभियंता. माझ्याकडे ते मुळात रात्री झोप लागत नाही म्हणून आले होते. तिसऱ्या भेटीत बोलता बोलता त्यांनी सांगितले की कपाटात दोन वर्षांपासून एक ट्रम्पेट पडून आहे आणि रात्री जाग आली की त्याचीच आठवण होते. लहानपणी घरातील रेडिओवर संगीतकार सी. रामचंद्र यांची गाणी लागत, त्यांतील ट्रम्पेटचा तुकडा आला की ते हातातले काम टाकून ऐकत बसत. पुढे केव्हातरी त्यांना कळले की असे तुकडे वाजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे चिक चॉकलेट या नावाने गाजलेले, गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना कोवळ्या वयातच स्वरलेखन वाचायला शिकवत असत आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे जे अनेक गोमंतकीय वादक लाभले त्यांचा पाया अशाच शाळांत घातला गेला होता. हा इतिहास खरा आहे, पण त्यातून या गृहस्थांनी काढलेला निष्कर्ष असा होता की ही विद्या आठव्या वर्षी मिळाली तर मिळते, एरवी नाही.

तरीही त्यांनी प्रयत्न केले होते. घराजवळच्या एका संगीतवर्गात, जिथे मुख्यतः गिटार आणि कीबोर्ड शिकवतात, तेथे त्यांना ‘सगळी वाद्ये शिकवतो’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कीबोर्डच्या शिक्षकाने कोणत्या सुराला कोणता वॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायची कळ, दाबायचा याचा तक्ता हाती दिला. तीन महिन्यांत तक्ता पाठ झाला, सूर मात्र लागेना. त्यानंतर त्यांनी परदेशातील एका शिक्षकाकडे ऑनलाइन तास घेतले. तो शिक्षक मन लावून शिकवणारा होता, पण मोबाइलमधील आवाज गाळणारी यंत्रणा ट्रम्पेटच्या लांब सुराला गोंगाट समजून मध्येच कापून टाकी आणि माउथपीस, म्हणजे फुंकण्यासाठी ओठांना लावायचा भाग, ओठांवर किती दाबला जातो आहे हे त्याला दिसत नसे. तिसरे होते एक उत्तम व्यावसायिक वादक. त्यांनी दोन सूर ऐकले, वय विचारले आणि “आता कशाला दगदग करता?” एवढेच म्हटले. त्या दिवशी ट्रम्पेट कपाटात गेला.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. प्रौढ माणूस जेव्हा वर्षानुवर्षे ‘योग्य शिक्षक’ शोधत राहतो तेव्हा तो शोध बहुधा सुरुवात टाळण्याचे साधन असतो, असे मला अनेक अनुभवांवरून वाटत आले आहे, आणि मी त्याच धोरणाने त्यांना सुचवले की शिक्षकाची वाट न पाहता रोज थोडे स्वतःच वाजवून पाहावे. त्यांनी माझे ऐकले. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा वरच्या ओठावर माउथपीसचा गोल वळ उमटलेला होता आणि ओठाला मुंग्या येत होत्या. सतारीवर बोट चुकले तर सूर चुकतो. पितळी वाद्यावर ओठ चुकला तर इजा होते, आणि ती सवय पक्की झाल्यावर मोडणे फार कठीण जाते.

असे का होते ते समजून घेतल्याशिवाय शिक्षकाचा प्रश्न कळत नाही. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला सूर निघतो. ट्रम्पेटची नळी उलगडली तर जवळजवळ दीड मीटर भरते, तिच्यावर वॉल्व्ह तीनच असतात, आणि एकही वॉल्व्ह न दाबता त्याच नळीतून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प असे सूर निघतात. त्यांतला कोणता निघेल हे ठरवतात ते एकमेकांवर थरथरणारे ओठ आणि त्यांमागचा श्वास. नवशिक्या वरचा सूर गाठण्यासाठी श्वासाऐवजी हाताचा जोर वापरतो, माउथपीस दातांवर आवळतो, सूर क्षणभर निघतो आणि हीच युक्ती बरोबर आहे असे त्याला वाटते. हे त्याचे त्याला दिसत नाही. म्हणून या वाद्याचा शिक्षक शेजारी बसून तोंडाकडे पाहणारा हवा, तक्ता देणारा नव्हे. जाता जाता सांगते की रक्तदाब, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण उंच सूर जोराने वाजवताना शरीरातील दाब, डोळ्यांतीलसुद्धा, काही क्षण वाढतो. दातांची कवळी असल्यास तेही शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे.

मग असे शिक्षक असतात कोठे? मी त्यांना विचारले की ज्यांचे पोट या वाद्यावर चालते अशी किती माणसे तुमच्या माहितीत आहेत. त्यांनी मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आश्रयाने २००६ साली उभ्या राहिलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचे नाव घेतले, गोव्याच्या कला अकादमीचे घेतले. मी म्हटले, पुण्यातले सांगा. लष्कराची संगीत प्रशिक्षण शाखा मध्य प्रदेशात पचमढीला आहे, तेथे तयार होऊन पलटणींच्या बँडमध्ये वाजवलेली आणि निवृत्तीनंतर आपल्याकडे स्थायिक झालेली माणसे असतात. पोलीस बँडमधून निवृत्त झालेले असतात. काही चर्चमध्ये वादक असतात. ही यादी आम्ही दोघांनी मिळून केली. यादी संपल्यावर ते गप्प बसले आणि थोड्या वेळाने, जणू काही वावगे बोलतो आहोत अशा सुरात म्हणाले, “तसा आमच्या पेठेत एक बँडवाला आहे. माझ्या लग्नात त्याच्या वडिलांनी वाजवले होते.”

ते दुकान त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर होते. दोन वर्षे ते त्यावरून भाजी आणायला जात होते.

आठवड्याने ते आले तेव्हा नाराज होते. “त्याला म्हटले, तू मला शिकवशील का, तर हसला आणि म्हणाला, साहेब, चेष्टा करता काय.” मी त्यांना तो प्रसंग जसाच्या तसा सांगायला लावला. त्यांनी उभ्या उभ्या विचारले होते, ‘तू’ म्हटले होते आणि निघताना पन्नासची नोट पुढे केली होती. मास्तरांचे वय ४५. आपल्याकडे सुशिक्षित माणूस गवयाच्या पाया पडतो, तबलजींना ‘पंडितजी’ म्हणतो. वरातीत कपाळाचा घाम पुसत वाजवणाऱ्या वादकाला मात्र ‘अरे’ म्हणतो आणि नोट ओवाळून देतो. यामागे पैसा आहे, शिक्षण आहे आणि जात तर आहेच. बँडमध्ये वाजवणारी कितीतरी घरे ज्या समाजांतून आली त्यांना ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय आपल्या जिभेला कोणी लावलेली नाही. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते दुखावले. आपण भेदभाव मानत नाही असे त्यांनी दोनदा सांगितले, आणि ते खोटे बोलत नव्हते. मी फक्त एवढेच विचारले की कीबोर्डच्या पंचविशीतल्या शिक्षकाला तुम्ही काय म्हणत होता. ते ‘सर’ म्हणत होते.

पुन्हा जायचे ठरले. या वेळी आधी फोन करायचा, वेळ मागायची, ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचे, आणि बक्षिसाऐवजी महिन्याची फी दोघांनी मिळून ठरवायची. फीचा आग्रह माझा होता. उपकार म्हणून शिकवलेला तास पहिल्या अडचणीला रद्द होतो आणि विद्यार्थ्यालाही तक्रार करता येत नाही. पहिल्या तासाला काय पाहायचे हेही आम्ही बोललो होतो: शिक्षक स्वतः वाजवून दाखवतो का, आपल्या तोंडाकडे बघतो का आणि आपण थकण्यापूर्वी थांबवतो का.

मास्तरांनी त्या दिवशी वाजवायला सांगितलेच नाही. त्यांनी ट्रम्पेट हातात घेऊन आधी वॉल्व्ह पाहिले. तिसरा वॉल्व्ह अडकत होता आणि पाणी काढण्याच्या कळीखालची बुचाची चकती झिजून हवा निसटत होती. दोन वर्षे ‘माझ्यात दम नाही’ असे समजणाऱ्या माणसाच्या अपयशाचा निदान एक हिस्सा त्या बुचाचा होता. मग त्यांनी नुसता माउथपीस देऊन ओठ फुरफुरवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, “आज बास. जेवढे वाजवाल तेवढीच विश्रांती घ्या.” एवढ्या वर्षांत त्यांना थांबा म्हणणारा पहिला शिक्षक तो होता.

पुढचे सगळे सुरळीत झाले असे नाही. मास्तर नोटेशन वाचत नाहीत. ते ऐकून वाजवतात आणि सरगमने सांगतात. ट्रम्पेटचा मोकळा ‘सा’ म्हणजे पेटीवरची काळी पाच, एवढ्या एका वाक्यात त्यांनी जे समजावले ते पुस्तकातील ‘लिहिलेला सी आणि वाजणारा बी फ्लॅट’ या प्रकरणातून या अभियंत्यांना समजले नव्हते. परंतु त्यांना छापील स्वरलिपीही वाचायची होती. त्यासाठी लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक वादक महिन्यातून एकदा भेटायला तयार झाले. ते शिस्तीचे होते, वही तपासत. एकाच गुरूकडे सर्व काही मिळावे ही अपेक्षा आपल्यात खोल रुजलेली असते, त्यामुळे दोघांकडे शिकणे त्यांना सुरुवातीला प्रतारणा वाटे. मास्तरांना विचारल्यावर ते म्हणाले, “वाचायला तिकडे शिका, फुंकायला इकडे या.”

खरा पेच आला तो तुळशीच्या लग्नानंतर. आषाढी ते कार्तिकी या काळात, गणेशोत्सवाच्या तालमीचे आणि मिरवणुकीचे दिवस सोडले, तर बँडवाल्यांना उसंत असते. मुहूर्त सुरू झाले की ती संपते. सलग तीन तास रद्द झाले आणि हे गृहस्थ माझ्यापुढे बसून म्हणाले की मास्तरांनाही मी जड झालो असणार. नाकारले जाण्याचा जुना घाव असा कोणत्याही निमित्ताने उघडतो. आम्ही पंचांग समोर ठेवले. ज्या तारखांना तास रद्द झाला होता त्या तिन्ही तारखांना लग्नाचे मुहूर्त होते. मग त्यांनी मास्तरांशी बोलून ठरवले की लग्नसराईत महिन्याला एकच तास, तोही सकाळी, आणि एरवी घरी रोज पंधरा मिनिटे. सोसायटीतील लोकांसाठी ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात आवाज दाबणारा सरावाचा म्यूट बसवून, आणि तरीही पत्नीच्या सूचनेवरून कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून.

गेल्या महिन्यात ते आले तेव्हा मास्तर बारामतीकडे लग्नांत अडकलेले होते. त्यांनी त्याचा नुसता उल्लेख केला, खालच्या ‘सा’पासून ‘प’पर्यंत सूर आता न फाटता जातो एवढे सांगितले, आणि मग म्हणाले की पहाटे तीनला जाग येणे मात्र अजून थांबलेले नाही. उरलेला सगळा वेळ आम्ही त्याविषयीच बोललो.